चांगुणामावशीचं झाड आणि शिवराजअण्णांची आकडी

उजाडायच्या आत पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. ही माणसं तुमच्याही गल्लीत असतील. पायात पांढरे बूट, अंगात स्वेटर, तोंडात कुठलं तरी स्तोत्र आणि हातात प्लास्टिकची पिशवी. झाडाला पाणी तुम्ही घालायचं, मावा पडला तर तुम्ही औषध आणायचं आणि फुलं आली की यांनी ती ओरबाडून न्यायची. हटकलं तर उलट तुमच्याकडेच दुखावल्यासारखं बघतात. "देवासाठी घेतोय हो," म्हणतात. जसं काही देवानंच यांना सकाळी उठवून कामगिरीवर पाठवलंय.

चांगुणामावशीची गोष्ट मी शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. शाळेत मुलांना सांगते तसं, रागावर ताबा ठेवून. ते काही जमत नाही. जशी येईल तशी सांगते.

मी मूळची बार्शीची. सोलापुरात एका शाळेत शिकवते आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला, एमआयडीसीच्या अलीकडे, चांगुणामावशीच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. खाली मावशी एकटीच असते. तिचा मुलगा रत्नदीप पुण्यात नोकरीला आहे, सणासुदीला येतो. राहायला आले तेव्हा मी तिला अहोजाहो करायचे. मग एकदा तापानं पडले, तर ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून ज्वारीच्या कण्या शिजवून घेऊन आली आणि मी पूर्ण खाईपर्यंत समोर बसून राहिली. त्यानंतर ती 'मावशी, तू' झाली आणि मी 'वैजू' झाले.

मावशीनं उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर काढला. मागावरून उतरलेल्या टॉवेलांच्या कडा दुमडून शिवायच्या, दोरे कापायचे, घड्या घालायच्या. नवरा, त्रिंबक, त्याच भागात मागावर होता. दोघांनी मिळून हा प्लॉट घेतला तेव्हा इथं काटेरी बाभळींशिवाय काही नव्हतं. आता भोवती कॉलनी झाली आहे, रंगीत गेटं आली आहेत, दारात गाड्या आल्या आहेत आणि सगळ्यात आधी आलेलं घर सगळ्यात बुटकं दिसतं. पण मावशी गरीब गाय आहे असं कुणी समजू नये. टँकर आला की नळी कुणी आधी लावायची यावरून तिनं भल्याभल्यांना गप्प केलेलं मी पाहिलं आहे.

तर, झाड. ते कंपाउंडच्या भिंतीच्या आत, गेटाच्या उजव्या हाताला आहे. आहे म्हणजे, आत्ता फक्त त्याचे बुंधे आहेत, पण त्याच्याकडे येईनच. श्रावणापासून ते जे वाढायला लागतं ते भिंत ओलांडून माझ्या गॅलरीच्या कठड्याला येऊन टेकतं. पंजासारखी पानं, चुरगळली तर कडू वास. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आणि पाऊस ओसरला की त्याला फुलं येतात. तळहाताएवढी, पिवळीजर्द, मधे गडद पिवळा गोळा. शेवंती माहिती असलेल्या माणसाला वाटावं, ही शेवंतीची थोरली बहीण. नर्सरीवाला त्याला मेक्सिकन सूर्यफूल म्हणतो, मावशी 'ह्यांचं झाड' म्हणते. 'हे' म्हणजे त्रिंबक. शेतातल्या सूर्यफुलासारखं हे एकदा फुलून मरत नाही. थंडी सरली की मावशी कोयत्यानं गुडघ्याएवढे बुंधे ठेवून ते छाटते. उन्हाळाभर ते बुंधे जळणासारखे वाळके दिसतात, नवीन माणूस म्हणतो, मावशी, गेलं की हे. आणि जूनमध्ये ते खालून फुटतं.

आपोआप फुटत नाही मात्र. सोलापूरचा मे महिना आणि चार-चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. मावशी धुण्याचं शेवटचं पाणी, भाज्यांचं पाणी, तांदळाचं पाणी, सगळं त्या बुंध्यांना घालते. माझ्या धुण्याचं पाणीही तिनं मागून घेतलं आहे. मी मोरीत ओतलं तर खालून हाक येते. पावसाळ्यात वाऱ्यानं उंच फांद्या मोडू नयेत म्हणून ती बांबू रोवून त्यांना बांधते, टॉवेलांच्या कापून टाकलेल्या किनारींच्या पट्ट्यांनी. त्या पट्ट्यांचा एक मोठा बोळा तिच्याकडे अजून कारखान्यापासूनचा आहे. "सुतळीनं सालटं निघतंय," असं तिचं म्हणणं.

त्रिंबकनं हे झाड कुणाच्या तोडून आणलेलं नव्हतं, हेही सांगून ठेवते. एका कारखान्याच्या कुंपणाबाहेर छाटून फेकलेल्या काड्यांचा ढीग होता, त्यातली एक त्यानं सायकलच्या कॅरिअरला लावून आणली. फेकलेली काडीसुद्धा त्यानं आधी वॉचमनला विचारून घेतली होती. मावशी हे सांगताना अजून हसते. "म्हणलं, अवो, कचरा हाय तो. तर म्हणले, आपला न्हाय की पण."

आणि ते झाड लावण्यामागं एक कारण होतं. मावशीचं घर बौद्ध. दसऱ्याचा दिवस त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. त्या दिवशी सकाळी त्यांच्या वस्तीतल्या विहारात वंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत जमतात. त्रिंबक दर दसऱ्याला या झाडाची फुलं घेऊन जायचा आणि बुद्धमूर्तीपुढं तांब्यात लावायचा. दुसरं काही नाही, फक्त ही. तो वारल्यावर मावशीनं ते सुरू ठेवलं. मग कॉलनी भरली, कॉलनीत नवरात्र मंडळ निघालं आणि मंडळ निघाल्यावर मावशीच्या झाडावर दसऱ्याच्या दिवशी एक फूल उरेना. नऊ दिवसांत झाड पार बोडकं व्हायचं. मग मावशी बाजारातून झेंडू घेऊन विहारात जायची. घरात एवढं डेरेदार झाड आणि ही बाई विकतचा झेंडू घेऊन जाते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आता शिवराजअण्णा. हे मंडळाचे अध्यक्ष, सरकारी नोकरीतून निवृत्त, गल्लीत सगळ्यांना वडीलकीचे सल्ले देणारे. त्यांच्याकडे एक आकडी आहे. लांब काठी, टोकाला जाड तारेचा वाकवलेला हूक. मावशीची वरची फुलं हाताला येत नाहीत, म्हणून त्यांनी ती खास करून घेतली. रस्त्यावर उभं राहायचं, हूक फांदीत अडकवायचा, फांदी खाली ओढायची, फुलं खुडायची आणि फांदी सोडून द्यायची. सोडल्यावर ती सपकन वर जाते आणि कधीकधी कट्‌ करून मोडते. त्या आवाजानं मला जाग यायची. मी गॅलरीत येऊन बघितलं तर अण्णा खालून नमस्कार करायचे. "काय मॅडम, लवकर उठलात!"

मी भांडले नाही असं नाही. एका वर्षी गेटावर पाटी लावली, 'कृपया फुले तोडू नयेत.' अण्णांनी ती चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून वाचली आणि म्हणाले, "बरं केलंत. हल्ली कुणीही येऊन तोडतंय." आणि आकडी वर केली. मी वरून म्हणाले, "अण्णा, ती पाटी तुमच्यासाठीच आहे." तर म्हणाले, "आम्ही कुठं तोडायलोय मॅडम, आम्ही देवीला न्यायलोय." आता या माणसाशी काय बोलायचं? मी मावशीला म्हणाले, भिंतीवर काचा लावू, काटेरी तार लावू, कॅमेरा बसवू. मावशी म्हणाली, "कुणाच्या हाताला काच लागली तर ते बी माझ्याच नावावर येईल, वैजू." तेव्हा मला त्या बोलण्याचा पूर्ण अर्थ कळला नव्हता.

गेल्या वर्षी गोष्ट वेगळी झाली, कारण विहार नवा झाला होता. पत्र्याच्या शेडच्या जागी वस्तीतल्या लोकांनी सिमेंटचा चांगला हॉल बांधला आणि दसऱ्याला त्यात पहिली वंदना व्हायची होती. तिथल्या बायकांनी ठरवलं की मूर्तीपुढं त्रिंबकच्या झाडाची फुलं लावायची, पूर्वीसारखी. मावशीनं शब्द दिला. मला सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला लगेच अण्णांची आकडी आठवली.

मावशीलाही ती आठवली असणारच. पण तिनं काढलेला तोडगा ऐकून मी थक्क झाले. ती म्हणाली, "चोरून नेत्यात त्ये मागं कुणी दिलं न्हाय म्हणून. आपण हून देऊ की. रोज एक टोपली मीच पोच करते. तेवढी वरची फुलं दसऱ्याला सोडा म्हणते. माणसं हाईत, ऐकतील."

माणसं आहेत, ऐकतील! घटस्थापनेच्या सकाळी तिनं अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, खालच्या फांद्यांची फुलं देठासकट कापली. टोपलीत ओलं फडकं घातलं, कारण हे फूल तोडलं की लवकर मान टाकतं. आम्ही दोघी मंडपात गेलो. मंडप म्हणजे कॉलनीच्या मोकळ्या जागेत बांधलेला, दोनशे पावलांवर. बायकांची सगळी व्यवस्था गोजाबाईंकडे असते. जरीचा पदर खोचून त्या हार करायला बसल्या होत्या, समोर परातीत शेवंती.

मावशी म्हणाली, "गोजाबाई, ही फुलं आणलीत देवीला. रोज आणीन मी. तेवढी वरली फांदी..."

गोजाबाईंचा हात परातीतच थांबला. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग बाजूच्या बायकांकडे पाहिलं. "अगं बाई, कशाला त्रास घेतला," त्या म्हणाल्या. "कसं आहे चांगुणाबाई, या फुलाला वास नसतो. रानटी फूल ना. देवीला चालत नाही." आणि मग, टोपली अजून मावशीच्या हातातच होती म्हणून, हातानं दाखवत म्हणाल्या, "ठेवा तिकडं. खाली ठेवा, बघतो आम्ही."

तिकडं म्हणजे मंडपाच्या कडेला, चपला काढायच्या जागेशेजारी.

वास नसतो! मी रोज सकाळी गॅलरीत त्या फुलांना नाक लावते. मधासारखा वास येतो, चांगला येतो. पण मुद्दा वासाचा नव्हता, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. चांगुणामावशी कुठल्या वस्तीतून आली, दसऱ्याला पांढरी साडी नेसून कुठं जाते, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या घरातल्या पाण्याचा पेला कुणाकुणाच्या ओठापर्यंत जात नाही हेही मला इतक्या वर्षांत कळलं आहे. कुणी तोंडानं काही बोलत नाही. आता कोण मानतं हो असलं, म्हणतात. आणि टोपली चपलांजवळ ठेवायला लावतात.

मावशीनं टोपली ठेवली. मी तोंड उघडलं तर तिनं माझा दंड धरला. संध्याकाळी आरतीच्या वेळी मी मुद्दाम गेले. टोपली तिथंच होती, फुलांच्या माना पडलेल्या, एका फुलावर कुणाची तरी सँडल टेकलेली. मी ती उचलून घरी आणली. मावशीनं फुलं झाडाच्या बुंध्याशी टाकली, टोपली धुतली आणि पालथी घातली.

इथवर मी कसाबसा राग गिळला असता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कट्‌ असा आवाज आला. मी गॅलरीत धावले. खाली शिवराजअण्णा, आकडी, पिशवी. नवरात्रातल्या रंगांप्रमाणे त्या दिवशी पिवळा रंग होता म्हणून अंगात पिवळा झब्बा. आणि संध्याकाळी मंडपात पिवळ्या साड्यांचा नुसता झगमगाट, आणि देवीच्या गळ्यात कुठला हार? ह्यांच्या झाडाचा. तळहाताएवढी पिवळी फुलं, दाट ओवलेली. गोजाबाई शेजारणीला सांगत होत्या, "आजच्या रंगाला कसं खुलून दिसतंय बघा."

मी तिथंच विचारलं. आवाज चढवून विचारलं, मला त्याची लाज नाही. "गोजाबाई, काल या फुलाला वास नव्हता, आज कुठून आला?" त्या म्हणाल्या, "अहो, ही अण्णांनी आणलीत." एवढंच. त्यांना वाटलं, उत्तर दिलं. आणि मला खात्री आहे, त्यांना ते खरोखर उत्तर वाटत होतं. मावशीनं स्वतःच्या हातानं दिलं तर फूल रानटी, आणि तेच फूल अण्णांनी आकडीनं ओढून, फांदी मोडून, न विचारता आणलं की देवीच्या गळ्यात! चोरानं फूल शुद्ध होतं आणि मालकिणीनं बाटतं, असा हा हिशेब. मी असं म्हणाले तर लाऊडस्पीकरवर गाणं लागलं आणि मला कुणी प्रसाद दिला नाही. नकोच होता.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. तिनं पायरीवर बसून झाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे फूल चालतंय त्यांना."

"चालतंय की!"

"मग मीच चालत न्हाय." असं म्हणून ती उठली आणि कुकर लावायला आत गेली. मला मात्र जिना चढताना रडू आलं, रागानं.

पुढचे दिवस अण्णा रोज आले. वरची फुलं कमी होत चालली, तरी झाड मोठं होतं आणि कळ्या पुष्कळ होत्या. मावशी रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची आणि बघायची. अण्णाच उलट म्हणायचे, "चांगुणाबाई, यंदा फुलं बारीक आल्यात हो. खत घाला की जरा."

खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी सोलापुरात माग बंद असतात. धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात. एमआयडीसीकडून रोज येणारी खटखट त्या दिवशी येत नाही आणि आमची गल्ली एकदम सुनी वाटते. त्या शांततेत दुपारी मला दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. खाली बघितलं तर मावशी कोयत्याला धार लावत होती.

"मावशी, काय करतेस?"

"छाटणी."

"आत्ता? भर फुलात?"

"एक एक फूल नेलं तर वाटंत मान टाकतंय. फांदीसकट नेलं, बादलीत हुबं केलं, की दोन दिवस टिकतंय." तिनं कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "आणि उद्या सकाळी आकडी लावायला हितं काय असू नये."

डिसेंबरपर्यंत ते झाड फुलत राहतं. अजून दोन महिन्यांची फुलं, कळ्या, सगळं ती आज कापणार होती. मी म्हणाले, झाडाला त्रास नाही का होणार? ती म्हणाली, "बुडात जीव हाय त्याच्या. येतंय परत. ह्यांनी लावलंय." आणि तिनं पहिल्या बुंध्यावर कोयता घातला.

मी खाली गेले. तिनं तोडायच्या, मी धरायच्या. माणसापेक्षा उंच फांद्या, फुलांनी आणि कळ्यांनी लगडलेल्या. गुडघे दुखत होते तरी ती वाकून एकेक फांदी गुडघ्याच्या उंचीवर तिरकी कापत होती, जशी दर वर्षी कापते तशीच, एकही बुंधा न चिरता. आम्ही टॉवेलांच्या पट्ट्यांनी मोळ्या बांधल्या. रत्नदीप पुण्याहून आला होता, त्यानं रिक्षा आणली. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी पिवळी फुलं बाहेर आलेली आणि मधे मावशी बसलेली, अशी ती गल्लीतून गेली. मंडपावरून गेली. मंडपातल्या बायका बघत राहिल्या. मला फार बरं वाटलं, कुणी काही म्हणो.

दसऱ्याच्या सकाळी मी लवकर उठून गॅलरीत जाऊन बसले. अण्णांचं तोंड बघायची संधी मी सोडणार नव्हते. ते आले. आकडी वर केली, आणि हूक हवेतच फिरला. मग त्यांनी भिंतीपलीकडे डोकावून बघितलं.

"चांगुणाबाई! ओ चांगुणाबाई!" त्यांनी गेट वाजवलं. "हे काय केलं? आज दसरा, घट उठायचेत, देवीला शेवटचा हार. आमची फुलं कुठं गेली?"

आमची फुलं!

मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत मावशी दार उघडून बाहेर आली होती. पांढरी साडी, केस नीट बसवलेले, विहारात निघायच्या तयारीत. ती म्हणाली, "तुमची हुती व्हय? मला वाटलं माजी."

"तसं नव्हं हो. पण देवीला..."

"देवीला चालत न्हाईत की. गोजाबाईंनी सांगितलं मला. वास न्हाय म्हणून."

अण्णा गडबडले. "ते बायका काय तर बोलत्यात. पण भरल्या सणाला फुलातलं झाड तोडलं तुमी. असं करू नये. पाप लागतंय."

आता मात्र मी बोलणार होते. वर्षानुवर्षं ज्यानं तिच्या फांद्या मोडल्या तो माणूस तिला पाप शिकवत होता! पण मावशीनं मला हातानं थांबवलं. भिंतीशी कालच्या छाटणीतल्या जाड काड्या तिनं जुडी करून ठेवल्या होत्या, लावायला योग्य, डोळे असलेल्या. तिनं त्यातली चांगली एक निवडली आणि गेटाशी आली.

"अण्णा, ही काडी न्या. तुमच्या दारात लावा. धुण्याचं पाणी घातलं तरी येतंय. पुढल्या दसऱ्याला तुमच्या घरचीच फुलं हुतील देवीला. माज्या दारात यायला नको तुमाला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला त्या माणसाला शिव्या द्यायच्या होत्या आणि ही त्याला झाड देत होती. तिनं काडी पुढं केली, गेटावरून, अगदी त्यांच्या हाताशी.

अण्णांनी काडीकडे बघितलं. मग गल्लीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं. समोरच्या घरातून कुणी तरी झाडत होतं. त्यांच्या एका हातात आकडी होती, दुसऱ्यात पिशवी, रिकामी.

"बरं बरं," ते म्हणाले. "ठेवा तिथं. खाली ठेवा, जाताना घेतो मी."

तेच शब्द. चपलांजवळच्या टोपलीचे.

मावशीचा हात तसाच राहिला. ती म्हणाली, "न्हाय. खाली ठेवणं बास झालं. हातातनं घ्या."

"अहो, माझे हात..."

"ती काठी खाली ठेवा की. तुमची."

अण्णा तसेच उभे राहिले. त्यांनी आकडी या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा इकडे घेतली. मोठ्यानं कुणी काही बोललं नव्हतं, तरी समोरचं झाडणं थांबलं होतं. मावशीनं हात खाली घेतला नाही. मला वाटलं, आता तरी घेईल हा माणूस. इतकं सोपं होतं ते. काडी घ्यायची, 'बरं' म्हणायचं आणि जायचं.

"उशीर होतोय, आरती आहे," असं म्हणून ते वळले आणि आकडी टेकत मंडपाकडे चालू लागले.

मी मागून जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. समोरच्या घरानं ते ऐकलं, हे बरं झालं. मावशी म्हणाली, "चल, वंदना सुरू व्हईल," आणि काडी घेऊन घरात गेली.

विहारात नव्या भिंतींना अजून रंगाचा वास होता. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना बादल्यांमध्ये ह्यांचं झाड उभं होतं, सगळंच्या सगळं, छताच्या निम्म्यापर्यंत पोचलेलं, काल कळ्या होत्या त्यातल्या पुष्कळ रात्रीत उमललेल्या. बायका येत होत्या आणि दारातच थांबत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "त्रिंबकनं आणली व्हय गं?" मावशीनं 'हो' म्हणून मान हलवली. वंदनेच्या वेळी ती हात जोडून सगळ्यात पुढं बसली होती. नंतर मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती फक्त म्हणाली, "ह्यांनी बघाय पायजे हुतं, वैजू," आणि पदरानं डोळे पुसले.

घरी आल्यावर तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडली, माती भरली, ती काडी त्यात खोचली आणि डबा गेटाच्या आतल्या बाजूला ठेवला. मी चिडून म्हणाले, कशाला ठेवतेस, बाकीच्यांबरोबर लावून टाक नाहीतर फेकून दे.

"काडीनं काय केलंय कुणाचं?" ती म्हणाली. "देते म्हणलंय मी. त्यांची हाय ती. येतील तवा देईन. हातात."

शिवराजअण्णा आता मागच्या गल्लीतून फिरायला जातात. तिकडच्या घरांतल्या जास्वंदीची मला काळजी वाटते. अंगणातले बुंधे वाळके दिसतात, मावशी त्यांना धुण्याचं पाणी घालते आणि उरलेलं डब्यात ओतते. परवा शाळेत निघताना मी वाकून बघितलं. काडी लागली आहे, तिला वरच्या डोळ्यातून पानं फुटली आहेत. ती न्यायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.